गणपतीला गावी आलात की एक दुपार आई-बाबांच्या फोनसाठी

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, ऐन आंब्याच्या हंगामात, बाबांना एक फोन आला. माणूस हिंदीत, अदबीने बोलत होता. लष्करी कँटीनसाठी दहा पेट्या हापूस हवाय, भाव तुम्ही म्हणाल तो, आगाऊ रक्कम आत्ताच पाठवतो. "आमच्याकडे पैसे द्यायची पद्धत वेगळी आहे," तो म्हणाला, "आधी तुम्ही एक रुपया पाठवा, तुमचं खातं तपासून आम्ही दोन परत करतो." बाबांनी एक रुपया पाठवला. दोन खरंच आले. मग व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड आला, बाबांनी तो स्कॅन केला, पिन टाकला आणि १२,००० रुपये गेले. "तांत्रिक अडचण आली, परत करा, दोन्ही एकदम येतील." परत १२,०००.

हे झालं सकाळी अकराला. मला डोंबिवलीत कळलं रात्री नऊला, तेही आईकडून. दिवसभर बाबा पडवीत गप्प बसून होते. चाळीस वर्षं बागायती केलेला माणूस, दलालांना तोंड दिलेला. आपण फसलो हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. त्या दहा तासांत पैसे कुठल्या कुठे गेले. तक्रार केल्यावर दुसऱ्या व्यवहारातले ९,००० रुपये तेवढे पुढच्या खात्यात अडकलेले सापडले, आणि ते हातात यायला सात महिने लागले.

त्यानंतरच्या गणपतीत मी गावी गेलो आणि एक अख्खी दुपार दोघांच्या फोनला दिली. तेव्हा अडखळत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. तुम्ही मुंबई-पुण्यात आणि आई-बाबा दापोली, गुहागर, राजापूर, मालवण, कुठेही एकटे राहत असतील, तर हे तुमच्यासाठी आहे. शिमग्याला किंवा मे महिन्यात आलात तरी चालेल, फक्त आल्या दिवशी हे काढू नका. गौरी जेवल्या की दुसऱ्या दिवशी दुपारी घर जरा शांत होतं, ती वेळ चांगली.

बसण्याआधी हे जवळ घ्या: दोघांचे फोन पूर्ण चार्ज करून, चार्जर, बँकेची पासबुकं, एटीएम कार्डं, आधार कार्डं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर (तो बहुतेकदा वेगळाच निघतो), एक जाडशी वही आणि पेन. घरात रेंज नसेल तर फोन घेऊन जिथे रेंज येते तिथे बसा. आमच्या वाडीत ती सड्यावर येते, म्हणून आम्ही अर्धी कामं जांभ्या दगडावर बसून केली.

१. फोन हातात घेण्याआधी बोला

ही पायरी गाळू नका. माझी पहिली चूक हीच होती. मी आल्या आल्या बाबांच्या हातातून फोन घेतला आणि सटासट सेटिंग बदलायला लागलो. दहा मिनिटांत ते उठून बागेत निघून गेले.

फोन त्यांच्याच हातात राहू दे. तुम्ही शेजारी बसा, बोट त्यांचं चालू दे. आणि सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की पैसे गेले, काही चुकीचं दाबलं गेलं, कुणी धमकावलं, तर पहिला फोन मला करायचा आणि मी ओरडणार नाही. हे तोंडाने म्हणा, मनात ठेवू नका. ओरडा बसेल या भीतीने जे तास वाया जातात, तेच चोराच्या कामाचे असतात.

२. कुलूप

स्क्रीनला सहा आकडी पिन लावा. जन्मसाल नको, गाडीचा नंबर नको. यूपीआयचा पिन वेगळा, एटीएमचा वेगळा.

अंगठ्याचा ठसा लावणार असाल तर एक लक्षात घ्या. आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलाचं तेल लागलेल्या हातांचे ठसे फोन नीट ओळखत नाही. बाबांचा उजवा अंगठा सहा वेळा नाकारला गेला. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट दोनदा नोंदवलं, ते चाललं.

सिमलाही वेगळा पिन लावता येतो आणि बरेच जण तो लावायचा सल्ला देतात. म्हाताऱ्या माणसांच्या फोनला मी तो लावत नाही. आमच्याकडे पावसात दोन-दोन दिवस लाइट नसते, फोन बंद पडतो, चालू केला की सिमचा पिन विचारतो. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि मग पीयूके नंबर (अडकलेलं सिम उघडायचा आकडा) मिळवायला तालुक्याला जायचं. चोरीच्या भीतीपेक्षा हा त्रास मोठा आहे.

३. नको ती ॲप आणि एपीकेचा सापळा

सध्या गावागावांत सगळ्यात जास्त घात करणारी गोष्ट ही आहे, म्हणून इथे वेळ द्या.

व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते. वाहनाच्या दंडाची पावती येते. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, बिल भरण्यासाठी ही फाइल उघडा" असा निरोप येतो. फाइलच्या नावाच्या शेवटी बघा: टिंब आणि पुढे एपीके ही तीन इंग्रजी अक्षरं असतील तर ती पत्रिकाही नाही, पावतीही नाही. ते एक ॲप आहे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती कधीच "इन्स्टॉल" करावी लागत नाही. हे ॲप फोनमध्ये शिरलं की तुमचे एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, आणि ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसतो. वर तुमच्याच व्हॉट्सॲपवरून ती पत्रिका सगळ्या नातेवाइकांना जाते. म्हणून पाठवणारा ओळखीचा आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

हे बंद कसं करायचं? अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये वर शोधायची जागा असते, तिथे "अज्ञात ॲप" असं शोधा. कुठल्या ॲपला बाहेरची ॲप बसवायची मुभा आहे त्याची यादी येईल. व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांपुढची मुभा बंद करा. मग "ॲक्सेसिबिलिटी" (ॲपला स्क्रीन वाचायची आणि स्वतः बटणं दाबायची मुभा) शोधा. तिथे अनोळखी ॲप चालू दिसलं तर ते आधी तिथून बंद करा आणि मग काढून टाका. काही ॲप ही मुभा घेऊन बसली की सरळ काढायला गेलं तरी निघत नाहीत. शेवटी प्ले स्टोअर उघडून प्ले प्रोटेक्टचं (फोनमधली घातक ॲप शोधणारी त्यातलीच सोय) स्कॅन चालवा.

एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारखी दुसऱ्याला आपली स्क्रीन दाखवणारी ॲप मुळात वाईट नाहीत, संगणक दुरुस्त करणारे ती रोज वापरतात. पण आईच्या फोनमध्ये त्यांचं काही काम नाही. ती दिसली तर "ही कुणी टाकायला सांगितली?" हे शांतपणे विचारा. उत्तरात एखादी न सांगितलेली गोष्ट बाहेर येते.

फोनचे अपडेट थकलेले असतात, ते करून घ्या. घरी होमस्टे किंवा दुकान असेल आणि हिशेबाचा संगणक विंडोज १० वर चालत असेल, तर मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला आहे. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नका.

४. व्हॉट्सॲप

सेटिंगमध्ये खातं, त्यात दोन टप्प्यांची पडताळणी. सहा आकडी पिन लावा आणि वहीत लिहा. मग "जोडलेली उपकरणं" उघडा. तिथे माहीत नसलेला संगणक दिसला तर लगेच बाहेर काढा. ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, तिथे "माझे संपर्क" करा.

आणि आईला हे पाठ करून घ्यायला लावा: एसएमएसवर आलेला सहा आकडी नंबर कुणालाही सांगायचा नाही. "चुकून तुमच्या नंबरवर आला, सांगा ना काकी" असं भाचीच्या नावाने जरी आलं तरी नाही. आधी भाचीला फोन लावायचा.

५. बँक आणि यूपीआय

आमच्या घरात बाबांचं पेन्शन, आंब्याचे पैसे आणि यूपीआय, सगळं एकाच खात्यावर होतं. हे आधी मोडा. दुसरं एक साधं बचत खातं उघडा, यूपीआय फक्त त्याला जोडा आणि त्यात पाच-दहा हजारांच्या वर ठेवू नका. मोठ्या खात्याचं यूपीआय काढून टाका. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा. चोर आलाच तर ओटीवरचं तेवढं नेईल, माजघरातलं नाही.

मग एटीएम कार्डं. परदेशातले आणि ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करायची सोय रिझर्व्ह बँकेने २०२० पासून बँकांना द्यायला लावली आहे. आईच्या कार्डाचे दोन्ही बंद करा, एटीएममधून काढायची मर्यादा कमी करा.

आता बाबांना ज्याने फसवलं तो क्यूआर. हे वहीत मोठ्या अक्षरांत लिहा: पैसे येताना पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करून, पिन टाकून पैसे फक्त जातात. दुसऱ्याने आपल्याकडे पैसे मागायची जी "रिक्वेस्ट" यूपीआयमध्ये यायची, ती व्यक्ती-व्यक्तींमधल्या व्यवहारांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे. क्यूआरचा सापळा मात्र तसाच आहे. आंबा, काजू, होमस्टे, ज्याची ज्याची आगाऊ रक्कम ऑनलाइन येते, त्याने ग्राहकाला आपला क्यूआर पाठवावा. ग्राहकाचा क्यूआर आपण स्कॅन करायचं कारणच नाही. पैसे आले का हे एसएमएसवरून ठरवू नका, ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून तर नाहीच. ॲपमध्ये शिल्लक बघा, मग पेटी गाडीत चढवा.

आधारच्या अंगठ्याचं कुलूप हा जरा विचार करायचा विषय आहे. आधार ॲपमधून किंवा यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) संकेतस्थळावरून बायोमेट्रिक, म्हणजे ठशांची ओळख, लॉक करता येतं, मग अंगठ्याचा ठसा चोरून कुणी खात्यातून पैसे काढू शकत नाही. पण गावात बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढायची आईला सवय असेल तर लॉक केल्यावर तिचंच काम अडेल. आमच्या आईचं मी लॉक केलं नाही, तिला दर महिन्याला तिथे जावं लागतं. त्याऐवजी तिच्या त्या खात्यात थोडेच पैसे राहतील असं बघितलं. बाबांचं लॉक केलं. आधारसाठी मदतीचा नंबर १९४७, स्वातंत्र्याचं साल, म्हणून लक्षात राहतो.

सगळ्या खात्यांना जोडलेला मोबाइल नंबर आजचाच आहे ना, हे पासबुक घेऊन एकदा शाखेत विचारा. जुना नंबर रिचार्ज न करता पडला की काही काळाने बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला मिळतो. तुमच्या खात्याचे ओटीपी मग त्याच्याकडे. गूगल खात्यातही हाच जुना नंबर लपलेला असतो, तिथेही बदला.

बँकेचं संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या शेवटी "डॉट बँक डॉट इन" आहे का बघा. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना या पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

६. संचार साथी

दूरसंचार विभागाचं हे संकेतस्थळ २०२३ मध्ये सुरू झालं, आता ॲपही आहे. तीन गोष्टींसाठी उघडा. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघा. एका माणसाला आपल्याकडे जास्तीत जास्त नऊ घेता येतात, आणि त्यातलं आपलं नसलेलं तिथल्या तिथे "माझा नंबर नाही" म्हणून कळवता येतं. फोन हरवला तर तो कुठल्याही सिमवर चालू नये म्हणून बंद करता येतो. आणि चक्षू या भागात फसवे फोन-मेसेज कळवता येतात. फोन बंद करायला आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. *#०६# दाबलं की तो दिसतो. आत्ताच वहीत लिहा, हरवल्यावर कुठून दिसणार?

७. पोलिसाचा व्हिडिओ कॉल

"तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही." याला डिजिटल अरेस्ट म्हणतात आणि असं काही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. कुठलाही पोलिस, सीबीआय, न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि "तपासणीसाठी" पैसे मागत नाही. फोन ठेवून द्यायचा. एकट्या राहणाऱ्या, मुलं परदेशात असलेल्या माणसांना हा फोन फार घाबरवतो. शेजारच्या घरी उठून जायची मुभा आहे, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

८. भिंतीवरचा कागद

वहीतलं महत्त्वाचं तेवढं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, लॅमिनेट करा (आमच्याकडे श्रावणात उघड्या कागदाला बुरशी धरते) आणि कॅलेंडरच्या शेजारी लावा. त्यावर फक्त हे:

पैसे गेले: १९३०
बँक: पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा नंबर
माझा नंबर, आणि शेजारच्या दादाचा
पैसे येताना पिन लागत नाही
ओटीपी कुणालाही नाही

पिन, पासवर्ड या कागदावर नको. ते वहीत, आणि वही कपाटात.

बँकेचा नंबर गूगलवर शोधायचा नाही. तिथे चोरांनी स्वतःचे नंबर कस्टमर केअर म्हणून टाकलेले असतात, आणि आधीच घाबरलेला माणूस दुसऱ्यांदा लुटला जातो.

कागदाचं आणखी एक कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात कित्येक दिवस लाइट आणि फोन नव्हते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला घराघरांतले फोन आणि कागदपत्रं पाण्यात गेली. नंबर फक्त फोनमध्ये असतील तर अशा वेळी काहीच हाताशी राहत नाही. आधार, सातबारा, विम्याचे कागद डिजिलॉकरमध्ये (कागदपत्रं ठेवायचं सरकारी ॲप) किंवा निदान तुमच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा. गूगल खात्याच्या बॅकअप कोडची (फोन हाताशी नसताना खातं उघडायचे आकडे) यादी कागदावर उतरवून तुमच्या मुंबईच्या घरी न्या.

९. पैसे गेलेच तर

पहिल्या तासात, याच क्रमाने:

एपीके उघडली गेली असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करून एअरप्लेन मोडवर टाका आणि पुढचे फोन दुसऱ्या फोनवरून करा.

१९३० लावा. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर. लागत नसेल तर लावत राहा आणि दुसऱ्या कुणाला सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरायला बसवा. ते विचारतात: कुठल्या बँकेचं खातं, किती रक्कम, किती वाजता, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर. तो यूपीआय ॲपमध्ये त्या व्यवहारावर दाबलं की दिसतो.

मग बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड बंद करायला सांगा, आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. मला शाखेत "आधी पोलिसांत जा" म्हणाले आणि ठाण्यात "आधी बँकेत जा". दोन्हीकडे १९३० चा पावती क्रमांक पुढे ठेवला तेव्हाच कागद हलला. तो क्रमांक लिहून ठेवा.

चोराचे मेसेज, क्यूआर, कॉलची यादी, काहीही पुसू नका. बाबांनी रागाने सगळा चॅट पुसला होता.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहाराची तक्रार बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत केली तर तुमच्यावर भार येत नाही. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान आपलं, तक्रारीनंतरचं बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी लगेच कळवण्यात फायदा आहे.

काही दिवसांनी "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, थोडी फी द्या" असा फोन येईल. तोही चोरच.

१०. निघायच्या आदल्या रात्री

परतीची बॅग भरून झाली की एकदा रंगीत तालीम घ्या. मी अंगणात जाऊन दुसऱ्या नंबरवरून आईला फोन लावला आणि आवाज बदलून म्हणालो, "काकी, बँकेतून बोलतोय, आत्ता आलेला नंबर सांगा." पहिल्या वेळी ती नंबर शोधायला लागली. मग आम्ही परत एकदा कागद वाचला. दिवाळीत तिला खराच तसा फोन आला. मी विचारलं काय केलंस, तर म्हणाली, "काय करतलंय, ठेवलंय. आणि मग तुका लावलंय."